अम्मींच्या नावाचा हत्ती

आपांना कुणी नमस्कार केला की त्या विचारायच्या, "काय काम आहे?" औरंगाबादच्या आमच्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवायच्या, आणि सगळ्या विभागाशी त्यांचं भांडण होतं. माझ्याशीसुद्धा. मी सातवीनंतर शाळा सोडलेली, लग्न होऊन कोकणातून इथं बजाजनगरात येऊन पडलेली. गोदावरीच्या काठी सापडलेली, दगड झालेली हाडं सुईनं न् ब्रशनं साफ करायचं काम त्यांनी मला दिलं. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तोडलंस तर थेट गावाकडं." माझी सुई घसरायची. त्या खेकसायच्या, पण ब्रश कधी काढून घेतला नाही.

त्यांचा खरा राग घाईनं नाव देणाऱ्यांवर. कुणी तुकडा उचलून "हा अमुक प्राणी" म्हटलं की उसळायच्या, "हाडाचा पत्ता नाय, आन् बारशाला लई घाई!"

पण तरुणपणी त्यांनीही तेच केलं होतं. एका छोट्या दाढेवरून बुटक्या हत्तीची नवी जात जाहीर केली आणि तिला आपल्या अम्मींचं नाव दिलं. अम्मींना सही येत नव्हती. नाव मात्र परदेशातल्या पुस्तकांत गेलं. विभागातले सर टोचायचे, "आपा, ती पिल्लाची दाढ आहे हो. अम्मींच्या नावाचं पिल्लू!"

"तुमच्या नावाचं तर तेवढंबी नाय," आपा म्हणायच्या.

मग एक जबडा आला. पुढं तशीच छोटी दाढ, मागं घट्ट दगडी माती. हत्तीची नवी दाढ मागून पुढं सरकत येते, हे आपांनीच मला शिकवलेलं. मागं मोठी दाढ निघाली, तर हे आधीच नाव असलेल्या मोठ्या हत्तीचं पिल्लू. आणि एका जनावराला दोन नावं चालत नाहीत. आधीचं राहतं, नंतरचं जातं. मी भीत भीत म्हटलं, "आपा, मागचं तसंच ठेवू का? कुणाला काय कळतंय?"

"मला कळतंय. खोद."

खोदलं. मोठ्या दाढेचे कंगोरे एकेक करून वर आले. सर बघायला आले, हसून म्हणाले, "आता याचा लेख मीच लिहितो ना, तुम्हाला जड जाईल."

आपांनी जबड्यावर फडकं टाकलं. "अम्मीचं नाव मी दिलं. काढणार बी मीच. तुम्ही हात लावायचा नाय. निघा."

लेख छापून आला तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. एक दिवस आल्या, अंक माझ्या टेबलावर टाकला, "रडायला लागू नकोस," म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. पुन्हा भेट नाही. इंग्रजी मला येत नाही. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं. रद्द झालेलं नावही छापतात म्हणे, टिकलेल्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात. तिथं अम्मी होत्या. आणि शेवटी, आभारांत, एकच नाव होतं. माझं. सातवी पास, मदतनीस, असलं पुढं-मागं काहीही न लावता.