मिगचा डावा पंख

मी घर सोडलं त्या दिवशी नाशिकरोडच्या फलाटावर अण्णा माझ्या ट्रंकेसमोर उकिडवे बसले होते. आई डोळे पुसत होती, शेजारच्या काकू दशम्यांचा डबा माझ्या हातात कोंबत होत्या, आणि अण्णा, माझे वडील, ट्रंकेची कडी हलवून बघत होते. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी आले. मला वाटलं, आता म्हणतील जपून राहा, पत्र टाक. म्हणाले, "कडीचा रिव्हेट सैल आहे." भुसावळच्या आसपास ट्रंक सीटखाली सरकवताना कडी माझ्या हातात आली. तिथून दिल्लीपर्यंत मी रडले. घर सुटलं म्हणून रडले की अण्णांचं पुन्हा खरं ठरलं म्हणून, हे मला अजून सांगता येत नाही.

ओझरच्या वसाहतीतल्या जुन्या मंडळींना अण्णा कोण ते सांगायला नको. पण जे नंतर आले आणि जे माझ्यासारखे बाहेर पांगले त्यांच्या मुलांसाठी सांगते. अण्णा विमानाच्या कारखान्यात तपासनीस होते. मिग विमान त्यांच्या सहीशिवाय पुढे सरकत नसे. तपासलेल्या भागाला चिठ्ठी बांधायची: हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, आणि पिवळी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा दाखवा. पिवळीचा नियम असा की जो ती बांधेल त्यानंच परत येऊन तपासायचं, दुसऱ्याची सही चालत नाही. ही चिठ्ठ्यांची भानगड अण्णांनी घरीही आणली. कारखान्याचा कागद घरी आणणं त्यांना पटत नसे, म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या केल्या होत्या. आईच्या करंजीची कड सुटली की ताटाला पिवळी. माझ्या भूमितीच्या वहीला तर इतक्या पिवळ्या की वही दिवाळीतल्या झेंडूसारखी दिसायची. हिरवी फार क्वचित मिळे. "चालेल" हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. "चालेल म्हणणाऱ्याचं विमान चालत नाही," असं ते म्हणत.

मी इंजिनिअर झाले तेव्हा त्यांनी कारखान्याचा अर्ज आणून माझ्या उशाशी ठेवला. मी तो भरला नाही. तेव्हा देशात नव्या कंपन्यांची नुसती रीघ लागली होती, आणि मला दिल्लीजवळ मानेसरच्या एका कंपनीत नोकरी मिळाली, मोटारींची चाकं रंगवायच्या विभागात. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं. "विमान सोडून मोटारीची चाकं," एवढंच म्हणाले, आणि त्यानंतर सहा वर्षं माझ्याकडे आले नाहीत.

सहा वर्षांत माझं लग्न झालं, मुलगी झाली, गुडगावात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट झाला. समोर मोहरीचं शेत होतं, तिथे बघता बघता मॉल उभा राहिला. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये "भैया, थोड़ा आगे" म्हणायला शिकले, भाजीवाल्याशी हिंदीत भांडायला शिकले, आणि संध्याकाळी जनरेटरच्या आवाजावर आवाज चढवून आईशी फोनवर बोलायला शिकले. आईला यायचं होतं. अण्णांचं एकच पालुपद: मुलीच्या घरी उगीच जाऊन राहायचं नसतं. मला त्या "उगीच"चा फार राग यायचा. खरं सांगते, रागापेक्षा वाईट वाटायचं. माझं घर त्यांनी पाहिलंच नाही तर ते झालंच नाही, असं मला वाटत राहायचं.

मग एका शनिवारी कॅनॉट प्लेसच्या दुकानात मला खोक्यात मिग दिसलं. प्लास्टिकचे सुटे भाग, चिकटवून, रंगवून विमान करायचं, वीतभर लांब. बाहेरच्या देशातला माल, सूचना कुठल्या भाषेत होत्या देव जाणे. मी तिथल्या तिथे घेतलं. घरी आल्यावर अण्णांना सरकारी थाटात पत्र लिहिलं. विषय: विमान तपासणीबाबत. आमच्याकडे एक मिग तयार होत आहे, दिल्ली परिसरात लायक तपासनीस उपलब्ध नाही, तरी कृपया यावे. आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. "दिनांक बाराला पोचतो. सौ. बरोबर आहे. माल तयार ठेवणे."

आता माल तयार ठेवायचा म्हणजे हसू गेलं. जेवणाचं टेबल पंधरा दिवस माझ्या ताब्यात. नवरा अजय बिचारा मांडीवर ताट घेऊन जेवायचा. चिमटा, कानस, कात्री, भुवया कोरायचं ब्लेड, सगळं कामाला लागलं. डाव्या पंखाच्या टोकाला लाल दिवा असतो आणि उजव्या टोकाला हिरवा, हे मला जन्मापासून पाठ. लाल माझ्या नेलपॉलिशचा, हिरवा मुलीच्या रंगपेटीतला. अंगाचा चंदेरी रंग मात्र मी कंपनीतून साहेबांना विचारून आणला, चाकांना लावतो तोच.

आणि इथे मी माती खाल्ली. जानेवारीतलं धुकं, घरात ओल, रंग दोन दिवस झाले तरी चिकट. अण्णा परवा येणार. आम्ही पेंटवाले, रंग लावला की भाजायचा, हे आमच्या हाडात मुरलेलं. लोखंडी चाक दीडशे अंशांवर वीस मिनिटं भाजलं की रंग असा बसतो की खिळ्यानं निघत नाही. मी इतकी वर्षं तेच केलं होतं. तेव्हा मी काही विचार न करता मिग उचललं आणि नानखटाई करायच्या गोल ओव्हनमध्ये ठेवलं. अगदी मंद आचेवर, बरं का. पाच मिनिटांनी अजय म्हणाला, "काहीतरी जळतंय." झाकण काढलं तर डावा पंख मलूल होऊन खाली वाकलेला. गरम पाण्यात धरून, पट्टी बांधून, वर डाळीचे डबे ठेवून पंख सरळ केला. लांबून बघितलं तर सरळ दिसायचा.

अण्णा आले. भिंग, टॉर्च, स्टीलची पट्टी, सगळं बरोबर. आईनं आत येऊन सगळं घर डोळ्यांत भरून घेतलं, अण्णा उभ्या उभ्या म्हणाले, "माल कुठाय?" मी चहा पुढे केला. "तपासणी झाल्याशिवाय माल देणाऱ्या पार्टीचा चहा घ्यायचा नसतो." तास गेला. चहा दोनदा गरम केला. शेवटी बोलले, "दिवे बरोबर. रंग मोटारीचा आहे." तेवढ्यात माझी चार वर्षांची मुलगी टेबलाशी हनुवटी टेकवून म्हणाली, "आजोबा, ये तो टेढ़ा है." अण्णांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टी लावली. "डावा पंख दोन मिलिमीटर खाली. हिला नोकरी द्या." मग अजयनं ओव्हनची कथा सांगून टाकली, आणि अण्णा हसले. आई म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच इतके हसताना बघतेय.

ते गेल्यावर मी टेबल आवरायला गेले. मिगच्या चाकाला लग्नपत्रिकेची पिवळी चिठ्ठी होती. मी ती हातात घेऊन स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. अजयला कळेना, नापास झाल्याचं एवढं काय. मला तर वाटत होतं आत्ता पेढे वाटावेत. पिवळी म्हणजे अण्णा परत येणार.

पंख मी कधीच दुरुस्त केला नाही. दर जानेवारीला ते आले, पट्टी लावली, पिवळी बांधली, मगच चहा घेतला. "इतकी वर्षं झाली, एक पंख होत नाही तुझ्याकडून," म्हणायचे. मीही म्हणायचे, "अण्णा, कंपनीत फार काम असतं."

सातव्या वर्षी जिना चढताना ते दोनदा थांबले. पट्टी लावली, बराच वेळ बघत बसले, मग खिशातून चिठ्ठी काढली. हिरवी होती.

"अण्णा, पंख अजून खालीच आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. चालेल."

परत तपासायला येणं होणार नसेल तर पिवळी बांधायची नाही, एवढा नियम पाळणारा माणूस तो.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. आमचं घर कुठलं असं कुणी विचारलं की पूर्वी माझ्या तोंडून ओझर निघायचं. आता गुडगाव निघतं आणि तसं म्हणताना मला काही चुकल्यासारखं वाटत नाही, कारण हे घर तपासून झालेलं आहे. मुलगी मोठी झाली, तिला हे मिग जपणं पोरकटपणाचं वाटतं. परवा मिग उचलून म्हणाली, "मम्मा यार, आता मस्त ग्लू मिळतो, हा पंख सरळ करून टाकू का?"

म्हटलं, हात लावू नकोस. ते पास झालेलं आहे.