खालचा हात कुणाचा?

कुमुदताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीबाहेर मानेसरला कारखान्याच्या गेटवर संस्थेची पत्रकं वाटत होते. फोन ठेवला आणि उरलेली पत्रकं वाटून टाकली. ताईंनी काम अर्धवट टाकून आलेलं खपवून घेतलं नसतं...

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या दिल्लीत मुनिरक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या संस्थेत आल्या. देश सोडून आलेल्यांना इथे शाळा, दवाखाना, भाड्याची खोली मिळवून द्यायची, हे आमचं काम. गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठरवलं की संस्थेला नवं रूप हवं: नवं बोधचिन्ह, नवे रंग, नवी पाटी. गुरुग्रामच्या एजन्सीतली सायली चित्र घेऊन आली. वर एक मोठा हात, त्याखाली ओंजळ पसरलेला दुसरा.

"ताई, हा आधाराचा हात."

"अच्छा. आणि खालचा कुणाचा?"

ताईंनी बाहेर बसलेल्या खिनला हाक मारली. खिन म्यानमारहून आलेली, मुलीला घेऊन इथे एकटी राहणारी. "खिन, इसमें तेरा हाथ कौन सा है?" खिनने जराही न थांबता खालच्यावर बोट ठेवलं.

"देखो, बिना पूछे तुझे नीचे बिठा दिया."

विश्वस्त देशमुखसाहेब वैतागले. "ताई, हे चिन्ह आहे, जाहीरनामा नाही."

"मग खोटं जाहीरनाम्यात लिहा, तो कुणी वाचत नाही. हे दारावर लागणार आहे." संस्थेची पत्रकं, जाहीरनामे लिहिणारी मी शेजारीच बसले होते. मला लागलं, पण बाई खरं बोलत होती.

त्याच दुपारी खिनची धान्याची जड पिशवी ताई आणि खिन दोघींनी एकेक बंद धरून जिन्यावरून उतरवली. अरुंद जिना, मागे अडकलेली सायली ते बघत होती. पुढच्या खेपेला तिने नवं चित्र आणलं: एक पिशवी, दोन बंद, दोन हात. ताईंनी पुन्हा खिनला बोलावलं. तुझा हात कोणता? खिनने बराच वेळ पाहिलं आणि हसली. "पता नहीं."

"बिल्कुल," ताई म्हणाल्या. "हेच हवंय."

पण त्यावर शिक्कामोर्तब व्हायच्या आतच त्या गेल्या. नंतरच्या सभेत देशमुखसाहेबांनी पहिलं चित्र पुन्हा टेबलावर ठेवलं. म्हणाले, ताईंच्या शब्दाखातर थांबलो होतो, देणगीदारांना आधाराचा हात लगेच समजतो. मला संताप आला. माणूस गेलं की त्याचा मुद्दाही जाळून मोकळे होता की काय? मी म्हटलं, "ताई गेल्या, खिन इथेच आहे. तिला विचारा." खिन दारातच उभी होती. देशमुखसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला. तिच्यादेखत वरचा हात मागायला कुणाचीच जीभ रेटली नाही. पिशवीचं चित्र मंजूर झालं.

आता पाटी लागली आहे. नव्या चिन्हाच्या कागदावरचं पहिलं पत्र एका शाळेला जाणार, कारण तिने खिनच्या मुलीला प्रवेश नाकारलाय. आमच्या जुन्या मसुद्यात शेवटी ‘आपण दया दाखवावी’ असं असतं. ताई दर वेळी ते वाक्य खोडायच्या, इतकं दाबून की मागचा कागद फाटायचा. आज मी खोडलं. तिथे लिहिलं, ‘प्रवेश द्यावा, अन्यथा नकाराचं कारण लेखी कळवावं.’

उद्या सकाळी शाळा उघडायच्या वेळी खिन आणि मी पत्र घेऊन तिथे असू.