लेंगच्या पाठीतलं लोखंड

झुआ हांग सोळाव्या वर्षी नर्स झाली, तेव्हा गावातल्या बायकांनी तिचं लग्न मोडून टाकलं. लग्न ठरलेलं नव्हतंच, पण न ठरलेलं मोडायलाही आमच्या बायका कमी करत नाहीत. परक्या पुरुषांची उघडी अंगं पुसते, हिला कोण घरात घेणार, ही चर्चा पाणवठ्यापासून मक्याच्या शेतापर्यंत. झुआची आई थाओंच्या कुळातली, जिभेची तिखट. ती म्हणायची, "तुमच्या पोरांना गोळी लागू दे, मग विचारीन कोण कुणाला घरात घेतं ते."

तसंच झालं. लढाई एक डोंगर सोडून दुसऱ्यावर चढत लाओसच्या उत्तरेला आमच्या दारात आली, आणि नाकं मुरडणाऱ्या त्याच बायका धावपट्टीच्या कडेच्या हॉस्पिटलात झुआची बाही धरून रडायला लागल्या. हॉस्पिटल म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, साठ खाटा आणि दोन डॉक्टर. त्यातला एक परदेशी. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आमच्या म्हाताऱ्यांना त्याचं तोंड बघवत नव्हतं. मधे उभ्या झुआसारख्या या नर्स पोरी. डॉक्टर म्हणणार कापायचं, बाप म्हणणार नाही, आणि दोघांच्या शिव्या मात्र झुआला.

एक गोष्ट मात्र त्या परदेशी डॉक्टरला शेवटपर्यंत कळली नाही. आमच्यात माणूस मेला की त्याच्या अंगावर धातूचा कणही ठेवत नाहीत. सदऱ्याची बटणं कापतात, पट्ट्याचं बक्कल काढतात, मयताचे कपडे शिवून झाले की हात फिरवून सुई राहिली नाही ना ते बघतात. लोखंड घेऊन निघालेला जीव जड होतो. तो पूर्वजांपर्यंत पोचत नाही, आणि मग मागे राहिलेल्यांना ओढायला लागतो. आता लढाईत मेलेल्या माणसाच्या अंगात लोखंडाशिवाय दुसरं असतं काय? म्हणून ड्युटी संपली की झुआ चिमटा उकळून घ्यायची आणि मेलेल्यांच्या अंगातले तुकडे काढून द्यायची. कुणाचा बाप, कुणाची बायको बाहेर ताटकळत उभी असायची. जिवंत माणसांना हात पुरत नाहीत आणि तू मेलेल्यांना कसले टाके घालतेस, असं डॉक्टर ओरडायचा. ती मान खाली घालून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायची.

लेंगला आणलं तेव्हा ती वीस वर्षांची होती. लेंग तिचा मामेभाऊ, चोंग न्हिया थाओ यांचा एकुलता एक मुलगा. चोंग न्हिया मामा फू नोक गावचे, हॉस्पिटलपासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. हॉस्पिटलवर त्यांचा कवडीचा विश्वास नव्हता. तिथे पोट फाडतात, आत लोखंड ठेवतात आणि वरून शिवतात, असं ते चारचौघांत सांगायचे. तरी पोराला त्यांनी स्वतःच्या पाठीवर घालून आणलं, ते भाचीच्या शब्दावर.

सुरुंगाचे तुकडे होते. डॉक्टरांनी मांडीतले काढले, खांद्यातला काढला. पाठीतला एक मणक्याला लागून बसला होता. डॉक्टर म्हणाले, याला हात लावला तर पोरगा कायमचा लुळा पडेल, नाहीतर टेबलावरच जाईल. आहे तिथे राहू दे, तो काही करत नाही.

झुआ बाहेर आली. मामा दाराशी उकिडवे बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सगळं निघालं?"

आता तिने काय सांगायचं होतं, तुम्हीच सांगा. राहिलंय म्हणाली असती, तर मामांनी त्याच घटकेला पोराला उचलून गावी नेलं असतं आणि कुणा वैद्याकडून पाठ उकरून घेतली असती. चार दिवसांत लेंग संपला असता. हे सगळं तिला डोळ्यांसमोर दिसलं. ती म्हणाली, "निघालं, मामा."

"दाखव."

ती आत गेली. टेबलाखाली पत्र्याचं घमेलं होतं, त्यात त्या दिवशीच्या सगळ्या माणसांच्या अंगातून निघालेलं लोखंड. मक्याच्या दाण्याएवढा एक तुकडा तिने उचलला, धुतला, पट्टीच्या कापडात गुंडाळला आणि मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो उन्हात धरून पाहिला, तंबाखूच्या डबीत ठेवला, आणि तो कडक म्हातारा भाचीसमोर ढसाढसा रडला. झुआ पुढच्या जखमीकडे वळली.

बरं, खोट्याने बरंच केलं की. लेंग दोन महिन्यांत चालायला लागला. मामा डबी उघडून गावोगाव तुकडा दाखवत फिरले आणि म्हणाले की मी चुकलो, त्या पोरी सगळं लोखंड काढतात. त्यानंतर फू नोककडची माणसं जखमी पोरांना झोळीत घालून थेट हॉस्पिटलात आणायला लागली. त्यातली किती जगली, ते झुआला नावानिशी ठाऊक होतं. मनाला टोचलं की ती ती नावं आठवायची.

मग लेंग मेला. गोळीने नाही हो, तापाने. रजेवर घरी आला होता, थंडी वाजून आली आणि पाचव्या दिवशी गेला. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा प्रेत घरातच होतं. आमच्यात मयत चार-चार दिवस घरात असतं, ढोल वाजतो, बांबूच्या नळ्यांची केंग वाजते. म्हणजे वेळ होता. झुआने चिमटा घेऊन जायचं, मामांना बाजूला घ्यायचं, खरं सांगायचं आणि अर्ध्या घटकेत लेंगला हलकं करायचं. त्याच दिवशी दोन हेलिकॉप्टरं भरून जखमी उतरले. कामातून येता येत नाही, असं तिने कळवलं. ते खोटं नव्हतं. पण पाकू, तिच्याबरोबरची नर्स, म्हणाली होती की मी तुझ्या खाटा बघते, तू जा. झुआ गेली नाही. तिची छातीच झाली नाही.

तीन महिन्यांनी लेंगची बायको इया दोन वर्षांच्या पोरीला पाठीवर बांधून हॉस्पिटलात आली. पोरगी, गाओनू, नुसती हाडं उरलेली. झुआने रक्त तपासायला पाठवलं, बापाला नेणारा तोच ताप निघाला. गोळ्या सुरू केल्या. ही जगेल, रडू नकोस, असं ती इयाला म्हणाली. पण इयाचं रडं थांबेना.

हळूहळू बाहेर आलं ते असं. पोरगी आजारी पडल्यावर मामांनी भगताला बोलावलं. भगत बाकावर बसून घुमला आणि म्हणाला, बापाच्या मातीत लोखंड आहे, त्याला पुढे जाता येत नाही, तो पोरीचा हात धरून बसलाय. मामांनी डबी आणून पुढे ठेवली. लोखंड तर हे इथे आहे, भाचीने स्वतः काढून दिलंय. मग राहिलं काय? मयताचे कपडे. ते शिवले इयाने. तिला विचारलं, तर त्या वेड्या बाईने कबूल केलं की त्या दिवसांत एक सुई हरवली होती. रडता रडता शिवत होती, कुठे पडली कळलं नाही. झालं. नवऱ्याला सुईसकट पुरलं, पोरीच्या जिवावर उठली, असं ठरलं. नव्या वर्षाचा सण झाला की तिला माहेरी पाठवायचं. पोरगी थाओंची, ती इथेच राहील. आणि माहेर कसलं? इयाचं गाव दोन वर्षांपूर्वीच जळून गेलं होतं.

"ताई, असेल हो सुई," इया म्हणाली. "मीच टाकली असेल. पण ही माझ्याशिवाय जेवत नाही."

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच. आणि चोर तिथेच पांढरा कोट घालून गोळ्या मोजत उभा होता.

झुआने पाकूला सगळं सांगितलं. पाकूला आधी हसू आलं, कारण असले तुकडे तिनेही दोनदा दाखवले होते. मग ती घाबरली. "गप्प राहा. तू बोललीस तर उद्या एकही बाप पोराला या दारात आणणार नाही. एका बाईपायी किती जणांना मारणार आहेस?"

पाकू वाईट नव्हती आणि तिचं खोटंही नव्हतं. झुआने चार दिवस तेच गिरवलं. पण पोरगी बरी होत चालली. पाचव्या दिवशी तिने वाटीभर पातळ भात खाल्ला आणि आईच्या कुशीत शिरून झोपली. मग इयाने पाठीला बांधायचं कापड उलगडलं. पोरीला सासरी पोचवायचं आणि सण झाला की स्वतः निघायचं होतं तिला. झुआने कोट काढून खिळ्याला अडकवला आणि म्हणाली, थांब, मी पण येते.

दुपारी फू नोकला पोचल्या. मामा अंगणात मक्याची कणसं सोलत होते. नातीला पाहून त्यांचा चेहरा उजळला, भाचीला पाहून आणखी. कोंबडी कापायला सांगा, असं ते आत ओरडले. झुआ म्हणाली, कोंबडी नको मामा, कुळातल्या चार मोठ्या माणसांना बोलवा. ते आले. चहा कुणी प्यायला नाही. ती उभ्यानेच बोलली. तुकडा मणक्याला होता, काढला नाही. तुम्हाला दिला तो घमेल्यातला. लेंगला पुरलं तो लोखंडासकट. सुईचा काही संबंध नाही. इयाचा काही संबंध नाही.

मामा उठून आत गेले. डबी त्यांनी घरचा देव म्हणून भिंतीला चिकटवलेल्या कागदाखाली टांगली होती. सणाला पूर्वजांना भात ठेवायचे, तेव्हा चिमूटभर तिच्याही पुढे ठेवायचे. ती घेऊन ते बाहेर आले, तुकडा तळहातावर ओतला आणि तिच्यापुढे धरला.

"मग हे कुणाचं?"

झुआला वाटलं होतं ते मारतील. शिव्या देतील. या प्रश्नाची तयारी तिने केलीच नव्हती. त्या दिवशी टेबलावर नऊजण होते. चारजण मेले. एक तर पलीकडच्या फौजेतला कैदी, पोरगेलासा, आईला हाका मारणारा. घमेलं एकच होतं.

"माहीत नाही, मामा."

"माझ्या पोराचं म्हणून मी याला भात दिला," मामा म्हणाले. "ज्याचं आहे त्याचा बाप कुठेतरी रिकाम्या हाताने बसला असेल." त्यांनी तुकडा डबीत टाकला, झाकण दाबलं आणि डबी तिच्या हातात दिली. "तू आणलंस, तू पोचव."

इया राहिली. त्याबद्दल कुणी ब्रसुद्धा काढला नाही. कबरीपाशी डुक्कर कापून लेंगच्या जिवाची क्षमा मागितली, आणि मामांनी झुआशी बोलणं सोडलं. पाकूचं भाकीतही खरं ठरलं. त्या पावसाळ्यात फू नोककडून एकही झोळी आली नाही. पाय सडून दोन पोरं गावातच मेली. ही दोन नावंही झुआला पाठ होती. त्यानंतर तिने टेबलाखालचं घमेलं काढून टाकलं आणि प्रत्येक माणसाचं लोखंड वेगळ्या पुडीत, वर नाव घालून ठेवायला लागली. डॉक्टर म्हणाला, काय हा वेडेपणा. ती पुढच्या पुडीवर नाव घालत राहिली.

आम्ही लढाई हरलो. हॉस्पिटल गेलं, गावं गेली. जे वाचले ते जंगलातून, मेकाँग ओलांडून थायलंडमधल्या छावणीत आले. झुआने येताना सगळं टाकलं, तंबाखूची डबी तेवढी कमरेला बांधून आणली. छावणीतल्या दवाखान्यात तिला पुन्हा काम मिळालं. जखमी म्हातारे येत, तेव्हा ती विचारायची, कोणत्या साली, कोणत्या महिन्यात, तुमचा मुलगा कुठे होता. डबीला धनी मिळाला नाही.

लेंगला जाऊन नऊ वर्षं झाली असतील. एका सकाळी इया तिला शोधत आली. मामा त्याच छावणीत, आठ रांगा पलीकडे होते. झुआला ठाऊक होतं, पण ती कधी गेली नव्हती. इया म्हणाली, बोलावलंय.

मामा बांबूच्या खाटेवर कुशीवर पडले होते. नदी ओलांडताना पाठीमागून गोळीबार झाला होता, त्याच्या खुणा पाठीवर होत्या. आता छातीत पाणी झालं होतं, दिवस मोजकेच उरले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. सदरा वर करायची खूण केली.

"हात फिरव," म्हणाले. "आहे का काही? खरं सांग."

झुआने बोटं फिरवली. सावकाश, दोनदा. "आहे, मामा. दोन आहेत. एक वर, एक आत खोल."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "गेल्यावर काढशील?"

"काढीन."

तिसऱ्या दिवशी ते गेले. झुआने चिमटा उकळला. वरचा तुकडा लगेच निघाला, खोलातल्याला वेळ लागला. दोन्ही तिने पांढऱ्या वाटीत ठेवले आणि दाराशी उभ्या इयाला आत बोलावलं. इया वाटीकडे बघून मान हलवायला लागली. हो हो ताई, दिसलं, म्हणाली.

"वाटीत बघू नकोस," झुआ म्हणाली. तिने इयाचं बोट धरलं आणि म्हाताऱ्याच्या पाठीतल्या त्या उघड्या जखमेत घातलं. "आत काही राहिलंय का, स्वतः चाचपून बघ."