वॉल्टरची काळी बिअर आणि जाईबाईंची गोधडी

जाईबाई पहाटे उठून पंचशील म्हणायच्या आणि त्यातलं पाचवं, नशापाणी न करण्याचं, जरा मोठ्यानं म्हणायच्या. खाली तळघरापर्यंत ऐकू जावं म्हणून. कारण पंच्याऐंशी सालच्या त्या जानेवारीत त्यांच्या लेकाच्या तळघरात पाच गॅलन काळी बिअर येऊन बसली होती.

बाई वर्ध्याकडच्या. शाळा तिसरीपर्यंत, तीही भावाला सोडायला जायचं म्हणून झालेली. नवरा गेल्यावर लेकानं, प्रल्हादनं, त्यांना ओहायोत डब्लिनला आणलं. लेक कोलंबसला इंजिनिअर, सून मालिनी एका लॅबमध्ये. सकाळी दोघं दोन गाड्या काढून गेले की घरात उरायच्या जाईबाई आणि फ्रीजची घरघर.

बिअर लेकाची नव्हती हो. शेजारच्या वॉल्टरची होती, आणि वॉल्टरसाठी जाईबाईंनी आणखीही बरंच काही घरात ठेवून घेतलं असतं.

त्याचं असं झालं होतं. तीन वर्षांपूर्वी, इथल्या पहिल्याच हिवाळ्यात, बाई टेबलावरचं फडकं झटकायला म्हणून दाराबाहेर आल्या आणि मागे दार आपोआप लागलं. किल्ली आत. अंगावर सुती लुगडं, पायात स्लिपर, आणि बर्फ घोट्याएवढा. लेक-सून यायला सहा तास. बाईंनी दार ठोठावलं. पण आत कोणी नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! तेवढ्यात पलीकडून हा सत्तरीचा उंच म्हातारा धावत आला, त्यांना आपल्या घरात नेलं, शेगडीजवळ बसवलं आणि आपल्या वारलेल्या बायकोचे लोकरीचे मोजे त्यांच्यापुढे ठेवले. स्वतः पाठ फिरवून उभा राहिला, बाईंना लाज वाटू नये म्हणून. ते पाठ फिरवणं बाई कधी विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून बर्फ पडला की बाईंच्या पायऱ्यांवर उजाडायच्या आत मीठ टाकलेलं असे, बर्फ वितळावा आणि पाय घसरू नये म्हणून. वॉल्टर म्हणायचा, "गुड मॉर्निंग, जाय." त्या म्हणायच्या, "बरं हाय ना, बाबा?" एवढ्या बोलण्यावर दोघांनी तीन वर्षं निभावली.

वॉल्टर घरी बिअर करायचा. दाट, काळी, कोऱ्या कॉफीसारखी. तिला स्टाउट म्हणतात. प्रल्हादलाही त्यानंच शिकवलं. नाताळ झाला, वॉल्टरनं नवीन बिअर लावली, आणि तिसऱ्या दिवशी त्याची उजवी बाजू गेली. अँब्युलन्स आली, घर बंद झालं. प्रल्हादनं तो भला मोठा काचेचा बुधला बर्फातून उचलून आपल्या तळघरात आणला.

दवाखान्यात त्यानं विचारलं, "वॉल्टर, काय आणू तुमच्यासाठी?" म्हाताऱ्याची जीभ वळत नव्हती. खूप वेळ झटून एकच शब्द आला, "स्टाउट." फेब्रुवारीअखेर घरी सोडणार होते. डॉक्टर म्हणाले, घोटभर घेतली तर चालेल. झालं, प्रल्हादनं शब्द दिला.

आता ही बिअर झाली की नाही हे ओळखायचं कसं? बुधल्याच्या बुचात एक वाकडी नळी असते, नळीत पाणी. आत साखर आंबून वायू निघतो आणि नळीतून बुडुक बुडुक वाजतं. शिवाय एक काचेची कांडी असते. थोडी बिअर उंच भांड्यात काढून तिच्यात ती तरंगवायची. साखर जास्त असेल तर कांडी वर राहते, साखर संपत आली की खाली बुडते आणि तिच्यावरचा आकडा उतरतो. वॉल्टरच्या वहीत लिहिलं होतं, आकडा तीन दिवस तोच राहिला की बाटल्या भराव्या. घाई करून आधी भरली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबत राहते आणि बाटली फुटते, काचा उडतात.

तर बुडबुडे थांबले होते. कांडी चोवीसवर येऊन तीन दिवस तिथंच. एरवी वॉल्टरची बिअर पंधराच्या आसपास यायची. पण प्रल्हादनं स्वतःची समजूत घातली, या खेपेला दाटच लावली असेल.

"झाली बरं का, माय," तो शुक्रवारी सकाळी डबा घेताना म्हणाला. "उद्या बाटल्या भरतो."

जाईबाई आदल्या दिवशी तळघरात वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या होत्या. जाता जाता त्यांनी बुधल्याला हात लावून पाहिला होता. "झालं नाही रे ते. गारठून निजलंय."

"माय, ते काय दही आहे का?"

"दही नाही तर नाही. पण आंबतं ना? मग थंडीत त्याला ऊब नको? आपल्याकडं जानेवारीत विरजण गव्हाच्या कणगीत ठेवत होते, ते काऊन?"

"तीन दिवस आकडा हलला नाही. आकडा खोटं बोलत नाही."

"आकडा खरंच बोलतो. निजलेला माणूसही हलत नाही, एवढंच म्हणते मी."

प्रल्हाद हसला, घड्याळ बघितलं आणि गेला.

दिवसभर बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. त्यांना बिअरचं काही पडलं नव्हतं. एकच चित्र पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येई: वॉल्टर एका हातानं बाटली धरून बसलाय आणि ती फुटतेय. दुपारी त्यांनी वर्ध्याहून आणलेली, आईच्या हातची गोधडी काढली आणि बुधल्याला दोन वेढे देऊन गुंडाळली. शेकायच्या रबरी पिशवीत गरम पाणी भरून आत सरकवली. मग दर दोन तासांनी पिशवी बदलायला खाली-वर.

संध्याकाळी मालिनीनं जिन्यात पकडलंच. "आई! पाचवं शील?"

"मी पीत नाही, पाजत नाही."

"मग हे काय चाललंय?"

"म्हाताऱ्याचं जित्राब आपल्या गोठ्यात ठेवलंय असं समज. त्याला थंडीत उघडं ठेवतेस का? आणि नवऱ्याला सांगू नको."

मालिनी तोंड दाबून हसली. रात्रीची पिशवी तिनंच बदलली.

शनिवारी सकाळी प्रल्हाद धुतलेल्या बाटल्यांचं खोकं घेऊन खाली गेला आणि तिथूनच ओरडला, "माय, हे काय करून ठेवलंस? चव गेली तर वॉल्टरला काय सांगू?" त्यानं गोधडी ओढली.

बुडुक.

बाई वरच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं पुन्हा, बुडुक. प्रल्हादनं कांडी सोडली. बावीस. त्यानं बाटल्यांच्या खोक्याकडे पाहिलं आणि मटकन खालच्या पायरीवर बसला.

"बर्फातून आणताना मीच गारठवली," तो म्हणाला. "पन्नास बाटल्या भरणार होतो. पन्नास. आणि त्या वॉल्टरच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवणार होतो."

"ठेवल्या नाहीस ना? मग ऊठ. आणि गोधडी नीट गुंडाळ, खाली मोकळी राहिलीय."

पुढं दहा दिवस गोधडी तिथंच. अठरा, सोळा, पंधरा. मग पंधरावर चार दिवस मुक्काम, आणि तोही उबेत. प्रल्हादनं आधी आईला खाली बोलावलं. बाईंनी बुधल्याला हात लावला, नळीला कान लावला. "आता झालं म्हण," म्हणाल्या. मग बाटल्या भरल्या.

या सगळ्या दिवसांत बाईंनी आणखी एक काम केलं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. बर्फ पडला की त्या वॉल्टरच्या पायऱ्यांवर मीठ टाकायच्या. घर बंद, पायरीवर पाऊल ठेवणारं कोणी नाही, तरी टाकायच्या.

फेब्रुवारीअखेर वॉल्टर घरी आला. हातात काठी, तोंड एका बाजूला ओढलेलं. बाटलीचं झाकण प्रल्हादनं काढलं. फुस्स झालं, जेवढं व्हायला हवं तेवढंच. ग्लासात काळीशार बिअर आणि वर सायीसारखा फेस. म्हाताऱ्यानं डाव्या हातानं ग्लास उजेडाकडे धरला, एक घोट घेतला, आणि त्याचे डोळे भरून आले. बाईंनी झटकन पाठ फिरवली आणि खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या.

प्रल्हादनं त्याला गोधडीची सगळी हकिगत सांगितली. वॉल्टर हसला, खांदे हलेपर्यंत हसला. मग वही मागितली. तीन दिवसांचा नियम लिहिला होता त्या पानावर, डाव्या हातानं, कितीतरी वेळ लावून, वाकड्या अक्षरांत काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलं रे?" बाईंनी विचारलं.

"लिहिलंय, थंडी असेल तर आधी 'जाय'ला विचारा. म्हणजे तुला, माय."

जाईबाईंनी वही हातात घेतली, त्या वाकड्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"माझं अक्षरही असंच आहे," त्या म्हणाल्या. "त्याला म्हणावं, बाबा, मोज्यांची फेड झाली असं समजू नको. ते अजून ऊब देतात."

प्रल्हादनं ते इंग्रजीत सांगितलं. वॉल्टरनं मान वळवून बाईंच्या पायांकडं पाहिलं. मोजे तेच होते.