बाळूची उडी आणि माझा सरकता जिना

ओट्याखाली पिशव्यांची एक पिशवी असते बघा. एकीत दुसरी, दुसरीत तिसरी; एक ओढायला जावं तर सगळ्या बाहेर. आमच्या घरात माझे किस्से असेच साठलेत. पाहुणे आले की सूनबाई, म्हणजे मंजिरी, एखादा ओढतेच. बरं, सांगायचा तर नीट सांगावा! ती मधेच हसते आणि शेवट वाया घालवते. म्हणून म्हटलं, माझी फजिती मीच सांगावी.

सगळ्याला कारण एकच. बाळू!

*

बाळू आमच्या नात्यातला नाही. तो तिकडे इंग्लंडात घोड्यावर बसून कुंपणांवरून उड्या मारण्याच्या शर्यती करतो. त्याचं खरं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. चेहरा मात्र थेट माझ्या धाकट्या भावाचा. गाल बसलेले, कान मोठे. म्हणून तोही बाळू.

माझा मुलगा नितीन जहाजावर इंजिनिअर. सुट्टीला इथे परदेशात, आमच्या यिशुन भागातल्या फ्लॅटवर आला, की टीव्हीवर काहीबाही लावतो. एकदा लावली ही शर्यत. छातीएवढं कुंपण, आणि घोडा वरून पार! मी हातात मेथीची जुडी धरून तशीच उभी.

"आई, तू टांगेवाल्याची मुलगी ना? तुला काय घोड्याचं नवल?"

"अरे, बाबांच्या घोड्यानं जन्मात उडी मारली नाही. गटार आलं की उभा! शेवटी बाबाच उडी मारायचे आणि पलीकडून त्याला गूळ दाखवायचे!"

*

आजवर कुणी जिंकल्या नाहीत इतक्या शर्यती जिंकण्याच्या बेतात बाळू आला, आणि माझे उपास सुरू झाले. तो जिंकेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही! नितीन परत जहाजावर गेलेला, म्हणून नात इरा शाळेत जाता जाता मला फोनवर शर्यत लावून द्यायची.

एकदा बाळू मागे पडला. दुपार टळली तरी मी ताटावर बसेना. मंजिरी त्या दिवशी घरूनच ऑफिसचं काम करत होती.

"आई, दोन घास खा ना."

"तो तिकडे उपाशी असेल गं."

"अहो आई, ही शर्यत काल झालीय! कोपऱ्यात तारीख आहे की."

मला कुठलं वाचता येतंय!

"मग नंतर काय झालं त्याचं?"

तिनं फोनवर शोधलं. "पुढची शर्यत जिंकला. त्यानंतर झोपलाही असेल."

मी ताट ओढलं. एवढे दिवस माझे उपास एक दिवस उशिरा पोचत होते, तरी हा जिंकत होता. माझ्यात काहीतरी आहे!

*

खालच्या बाकावर संध्याकाळी आम्ही बायका बसतो. त्यात सुशीलाताई पुण्याच्या, शाळेत हेडबाई होत्या. अजूनही बोलताना समोर वर्ग असल्यासारखं बोलतात.

"कौतुक करायचं तर घोड्याचं करा. पळतो घोडा, उडतो घोडा. तो माणूस नुसता वर बसतो!"

"तुमचे साहेब नाही का जन्मभर ऑफिसात नुसते बसले? पगार तर खुर्चीला नाही ना मिळाला!"

दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, "जिंकला का हो तुमचा?"

*

एवढं जिंकतोय म्हटल्यावर दृष्ट लागणारच. मी मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, फोनवर बाळूचा फोटो लावला, फोन पाटावर ठेवला आणि उतरवून सगळं तापल्या तव्यावर टाकलं. असा ठसका उठला म्हणता! मंजिरी मीटिंगमध्ये खोकतेय, मी ओट्यापाशी, इरा टेबलाखाली.

शेजारची चिनी आंटी दार बडवायला लागली. "फायर? फायर?"

इरानं नाक धरून तिला इंग्रजीत सांगितलं, की काळजी नको, आजी एका जॉकीची दृष्ट काढतेय.

मी मान खाली घालून उभी. आता ही ओरडणार! आंटी आपल्या घरात गेली, परत आली आणि आपला फोन पाटावर ठेवला. त्यावर तिच्या मुलाचा फोटो. परीक्षा जवळ आली होती त्याची!

*

आणि मग बाळू पडला. घोडा कुंपणाला अडखळला, हा डोक्यावरून पुढे. गळ्याजवळचं हाड मोडलं. विक्रमाला जरासंच उरलं होतं हो!

त्याच आठवड्यात आमची इरा पडली. शाळेत ती अडथळ्यांची शर्यत पळते. सरावात पाय अडकला, दोन्ही गुडघे सोलले. घरी येऊन बूट कोपऱ्यात भिरकावले. "आय क्विट. नो मोअर." एरवी घरात टिकत नाही ती पोर, चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडली. मंजिरी म्हणाली, जाऊ दे. माझा मात्र जीव तुटला. तिला पळताना पाहिलंय मी. काय पळते!

मग दिलं व्याख्यान. "बाळूकडे बघ! पडतो, उठतो, परत घोड्यावर. भ्यायचं नसतं गं."

इरा उठून बसली. "आजी, तू एस्केलेटरला भितेस."

खरंच आहे. यिशुन स्टेशनचा सरकता जिना मी कधी चढले नाही. लिफ्ट बंद असली तर सरळ घरी परत येते. एकदा पलंगाचा पाय करंगळीला लागला, तर आठवडाभर सगळ्यांकडून पाणी मागून प्यायले. ही मी, आणि लोकांना बाळू सांगतेय!

"डील," इरा म्हणाली. "तू चढ. मग मी पळते."

"आधी बाळू बरा होऊ दे," मी म्हटलं. तेवढीच सवड!

*

मेल्याला दम कुठला! हाड सांधतंय न सांधतंय तोच आला, घोड्यावर बसला आणि विक्रम मोडला. इरा आणि मी सोफ्यावर नाचलो. मग इरा थांबली. "आजी, डील!"

तिच्या स्पोर्ट्सचं स्टेडियम दूर, एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं जायचं. जिन्यासमोर मी पदर खोचला आणि चपला हातात घेतल्या. पायऱ्या एकामागून एक निघतायत, कुठलीच माझ्यासाठी थांबेना. पाय पुढे करावा, मागे घ्यावा. मागे लोकांची रांग. कुणीतरी म्हणालं, "आंटी, कॅन लाह, कॅन!" म्हणजे जमेल; 'लाह' इथले लोक कशालाही जोडतात.

मला बाबांचा घोडा आठवला. तो अडला की बाबा जिभेनं टक् टक् करायचे. मी डोळे मिटले, आपणच आपल्याला टक् टक् केलं आणि पाय टाकला!

वर पोचल्यावर मी वळून जिन्याला नमस्कार केला. इरा दुसरीकडेच बघत होती. ही बाई आपली कुणी नाही, असं तोंड करून. पण माझा हात काही तिनं सोडला नव्हता.

*

स्टेडियममध्ये मंजिरी आणि मी वरच्या बाकावर. शिट्टी झाली. इरा पहिल्या अडथळ्यावरून गेली, दुसऱ्यावरून गेली, आणि तिसऱ्याला तोच पाय अडकला. तोंडावर आपटली. बाकीच्या पोरी निघून गेल्या पुढे.

मंजिरीनं तोंडावर हात घेतला. इरा उठेना. जमिनीला गाल टेकवून पडलेली, डोळे आमच्याकडे.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी बाकावर चढून उभी राहिले आणि ओरडले, "बाळूऽऽ! ऊठ! ऊठ रे माझ्या राजा! लगाम सोडू नकोस!"

सगळं स्टेडियम माझ्याकडे वळलं. आणि मी? जिभेनं टक् टक् करतेय!

इरा उठली. लंगडत चौथा पार केला, पाचवा पार केला. सगळ्यांत शेवटी पोचली. पण पोचली.

आम्ही धावत खाली गेलो. तिच्या टीचर गुडघ्यांना औषध लावत होत्या. त्यांनी वर बघून विचारलं, "हू इज बाळू?"

इरानं मनगटानं नाक पुसलं.

"मी लाह!"