आईला पायरीवर बसवलं

"मावशी, तुम्ही इथं पायरीवरच बसा. आत वास येईल."

देवीच्या देवळाचे विश्वस्त हात जोडून, हसत बोलले. माझ्या आईला. आई मासळी विकून आली नव्हती. आंघोळ करून, इस्त्रीचं पातळ नेसून, अबोली माळून आली होती. पाटी घरी, पाचूबंदरला. वास कसला येणार होता?

बैठक आमच्याच बाजाराची. देवळाच्या रस्त्यावर कोळणी बसतात, त्यानं नव्या कॉम्प्लेक्समधल्या भाविकांच्या भावना दुखावतात. बाजार गावाबाहेर न्या, ही मागणी. आणि ज्यांचा बाजार, त्या पायरीवर.

मी दादांकडे बघितलं. दादा आमच्या संघटनेचे. पत्रक लिहायला त्यांनीच शिकवलं मला. 'बाजार हलणार नाही' हे मी लिहिलं, त्यांनी दारोदार वाटलं. आता बोलतील, वाटलं. दादांनी चपला काढल्या.

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. बसा."

याच मंडपाचा पाया खणला तेव्हा आईनं डोक्यावरून माती वाहिली होती.

आईच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला फिलोमिनामावशी टेकली. बाजारातही ती आईच्या शेजारीच बसते. "वास म्हनं. चर्चात आमचा फादर कवा बोलला नाय गो." आई हसली नाही.

तासाभरानं दादा प्रसाद घेऊन बाहेर आले. बाजार हलणार, ठरलं होतं.

मला बाजूला घेऊन म्हणाले, "श्रद्धेच्या विरोधात दिसलो तर आपण संपलो. तू निवेदन लिही. भाविकांच्या भावनांचा मान राखून कोळणींनी स्वखुशीनं जागा सोडली. तुझी भाषा चांगली आहे."

स्वखुशीनं.

आत बसलेत त्यांची ती श्रद्धा. आई देवीचे उपास धरते, ते काय? तिच्या देवीला तर सुकटीचा नैवेद्य चालतो.

"नाही लिहिणार. आत तुम्ही गेलात, तुम्हीच लिहा."

"भावनेच्या भरात बोलू नकोस."

"आत सगळे भावनेवरच बोलत होते ना, दादा?"

त्यांनी आईपुढे प्रसाद धरला. आईनं घेतला, कपाळाला लावला. "देवीचा हाय, घेते. जागा नाय सोडनार."

नवं पत्रक मी लिहिलंय. संघटनेचं नाव नाही. पहिली ओळ विश्वस्तांचीच, पायरीवर आईला बोललेली, जशीच्या तशी. खाली आईचा अंगठा, फिलोमिनामावशीची सही. उद्या सकाळी आई त्याच जागी पाटी मांडणार. शेजारी मी. देवळात जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पत्रक देणार. ज्याला आम्हाला उठवायचंय, त्यानं ती पहिली ओळ आधी आईच्या तोंडावर वाचून दाखवायची.