दाराकडे पाठ

माझी ताई आयुष्यभर कपडे शिवत आली आहे. शाळेचे गणवेश, पडदे, कुणाच्या कोटाचं अस्तर. खाली स्वयंपाकघर, वर शिवणाची खोली आणि मधे लाकडी जिना, एवढंच तिचं घर. मेहुणे गेल्यापासून ती तिथे एकटी राहते. तिच्याविषयी कुणीतरी लिहावं असं मला फार दिवस वाटत होतं. दुसरं कुणी लिहील असं दिसेना, म्हणून मीच बसलो आहे.

घाबरण्याचं खातं आमच्या घरी लहानपणापासून माझ्याकडे होतं. अंधारात मला तहान लागली तरी उठावं लागे ते तिला. ती मला अजून ससोबा म्हणते आणि मी या वयात ओ देतो.

मागे कुणा सिनेमावाल्यांनी तिचं घर चित्रीकरणासाठी घेतलं. वरच्या खोलीच्या खिडकीतला उजेड दिग्दर्शिकेला फार आवडला होता. तेवढे दिवस ताई मुलाकडे राहिली. परत आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. "माझं मशीन आता नटी झालंय," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "तेलसुद्धा विचारून घालावं लागेल."

सिनेमा लागला तेव्हा आम्ही सगळे गेलो. ताई, भाचा, सूनबाई आणि मी. सुरुवातच तिच्या घरापासून होती. रिकामा जिना. वरून मशीनचा आवाज. कॅमेरा एकेक पायरी चढतो, पण पावलं वाजत नाहीत. दार अर्धवट उघडं. आत एक म्हातारी बाई पाठमोरी शिवत बसलेली. मशीन थांबतं, बाई दोरा कापते. मशीन पुन्हा सुरू होतं तेव्हा आपण दारात नसतो, तिच्या अगदी मागे असतो. मानेवरचे सुटे केस दिसतात. मग पडदा काळा आणि त्यावर सिनेमाचं नाव.

रक्त नाही, किंकाळी नाही. पण माझ्या शेजारी ताईचा हात बर्फासारखा गार पडला होता. मध्यंतरात ती म्हणाली, "मला घरी ने." कुठल्या घरी, असं भाच्यानं विचारलं. "तुझ्या," ती म्हणाली.

त्यानंतर ती वरच्या खोलीत गेलीच नाही. राहायची मुलाकडेच, दिवसा घरी जाऊन खालच्या खाली कपडे घेऊन परत यायची. शाळेचं काम साचत गेलं.

"आई, सोडून दे ते घर," भाचा म्हणाला. "आमच्याकडे राहा."

"आणि मशीन?"

"आता कशाला मशीन?"

एरवी तिनं त्याला चांगलं सुनावलं असतं. त्या दिवशी ती मान खाली घालून बसली. तिला असं गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

भाच्यालाही ते जाणवलं असावं. एका रविवारी त्यानं तो सिनेमा घरच्या टीव्हीवर लावला. "मामा, हिला तो प्रसंग तुकडे करून दाखवू या. कसं फसवलंय ते कळलं की भीती जाईल."

आधी त्यानं आवाज बंद केला. "यात काय आहे?" ताई म्हणाली. "बाई शिवतेय. टीप वाकडी घालतेय, तेवढंच भयंकर."

मग डोळे मिटून नुसता आवाज. आता मात्र माझ्या अंगावर काटा आला. मशीनचा आवाज हळूहळू मोठा होत होता, म्हणजे जिना चढणारे कान आमचे होते.

"आपली गल्ली कुठे गेली?" ताईनं विचारलं. "शाळेचा गलका, शेजारणीचा रेडिओ?"

"पुसून टाकलं. बाकी सगळं गेलं की उरलेला एकच आवाज डोक्यात भरतो."

मग त्यानं चित्र थांबवून दाखवलं, की कॅमेरा कमरेच्या उंचीवर आहे. सरळ चालणाऱ्या माणसाला जिना असा दिसत नाही, दबकत चालणाऱ्याला दिसतो. दाराची चौकट आली तशी ताई पुढे सरकली.

"थांब. मागे घे. इथे जोड आहे."

"नाही गं, सलग आहे."

"जिन्यावरचा उजेड सकाळचा आहे आणि आतला दुपारचा. चौकटीच्या काळोखात दोन तुकडे जोडलेत. टीप मात्र छान लपवलीय." किती दिवसांनी ती हसली. शेवटच्या चित्रावर तर ती म्हणाली, "अरे, इथे माझं कपाट असतं. इथे कुणाला उभंच राहता येणार नाही."

"तेच सांगतोय ना. कपाट हलवून कॅमेरा ठेवला त्यांनी."

सूनबाईनं चहा आणला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात ताई म्हणाली, "ती मागे वळून का बघत नाही?"

"मशीन चालू आहे, आई. तिला ऐकू येत नाही."

"यातसुद्धा काही केलंय का?"

"नाही. हे खरंच आहे."

"म्हणजे मलाही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं दाराकडे पाठ करून बसले. मागे येऊन कोण उभं राहून गेलं असेल, मला काय माहीत?"

तिचा चहा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. "तू पुढे हो," ती मला म्हणाली. मी जीव मुठीत धरून जिना चढलो. वर कुणी नव्हतं. मशीन फिरवून आम्ही तिचं तोंड दाराकडे केलं. पण आता खिडकी पाठीशी आली आणि सुईवर तिचीच सावली पडू लागली. दिवा लावला तर निळा दोरा काळा दिसे. शिवलेल्या कॉलरी उसवाव्या लागल्या. मशीन पुन्हा खिडकीकडे फिरवून खालच्या दाराला कडी घालून पाहिली, तर गिऱ्हाईक ठोठावतंय का हे ऐकायला ती सारखी पाय थांबवू लागली.

"समोर आरसा लावून देऊ?" मी विचारलं.

"आणि त्यात दिवसभर कुणाला शोधू?"

भाच्यानं पुन्हा घर सोडण्याचा विषय काढला. या वेळी तिनं फोनवर सांगितलं, "मी इथेच राहणार. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण नुसती बसून राहिले तर ती जास्त वाटेल." कडी काढून ती कामाला लागली.

परवा दुपारी मी तिच्याकडे गेलो. खालचं दार उघडं होतं, वर मशीन चालू होतं. माझ्या चपला रबराच्या. वर पोचलो आणि तिथेच थिजलो. अर्धवट दार, तिची पाठ, मानेवरचे सुटे केस. हाक मारावी तर ती दचकेल, बोट सुईखाली जाईल. न मारावी तर मी मागे उभा. उलट्या पावलांनी मी खाली आलो आणि मशीन थांबल्यावर खालूनच ओरडलो, "ताई!"

मग आवाज आला, "कोण?" माझ्या आवाजाला तिनं आजवर असं कधी विचारलं नव्हतं.

"मी. तुझा भाऊ."

"बोलत बोलत वर ये."

मला काही सुचेना. गुडघ्याच्या दुखण्याची कहाणी सांगत चढलो. ती दाराकडे तोंड करून उभी होती, हातात कात्री. मला पाहून तिनं ती खाली ठेवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड करून बसली. मी बोलायचा थांबलो.

"थांबू नकोस," ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

त्या आवाजात तिला माझं काही ऐकू येत नव्हतं. तरी मी बोलत राहिलो.